वरात, हुंडी आणि कोयता : कागदाबाहेरचा तिसरा माणूस

मोडी मी चाळिशीनंतर शिकलो. गुरू कोणी नव्हता. कित्ता गिरवायचा, अडायचे, पुन्हा गिरवायचे. आजोबा शाहूपुरीतल्या एका गुळाच्या आडत दुकानात मुनीम होते. त्यांच्या ट्रंकेतले कागद हेच माझे क्रमिक पुस्तक. त्यांतल्या एका जुनाट, कसरीने खाल्लेल्या कागदावर ‘वरात’ हा शब्द लागला आणि घराण्यातल्या कुणाच्या तरी लग्नाचा कागद सापडला म्हणून मी घरभर सांगत सुटलो. पुढची ओळ लागायला दोन दिवस गेले. त्यात नवरा नव्हता, नवरी नव्हती. होता पैशाचा आकडा, महालाचे नाव आणि अमक्याला रक्कम पावती करावी अशी आज्ञा. ही वरात फारसीच्या वाटेने आलेली, अरबी ‘बरात’वरून. घरच्यांनी ती फजिती अजून विसरू दिलेली नाही, पण माझा पुढचा सगळा नाद त्या एका शब्दातून सुरू झाला.

वरात म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. सरकारला कुणाचे तरी देणे असे आणि खजिन्यात रोकड नसे. मग सरकार मामलेदाराच्या नावे चिठ्ठी देई की तुमच्या महालाच्या वसुलातून या इसमास इतके रुपये द्यावेत. ती चिठ्ठी हाती असलेला तो वरातदार. फौजेचा पगार, सावकाराचे कर्ज, कुणाची नेमणूक, अशी कितीतरी देणी मराठी राज्यात अशा चिठ्ठ्यांवर भागत. आजच्या वकिली भाषेत बोलायचे तर सरकारने आपला येणे घेण्याचा हक्क तिसऱ्याच्या नावे करून दिला.

कागदावर हे सोपे दिसते. पण मामलेदाराने बहुधा रसदेपोटी सरकारात आगाऊ पैसा भरलेला असे, तोही सावकाराकडून उचलून. वर ही वरात आली की तो तिचा भार खाली गावावर ढकलणार. पैसा वेळेवर आला नाही तर गावात मोहसल बसे, आणि त्या मोहसलाच्या भाकरीचा खर्च गावानेच सोसायचा. ज्याच्या शेतातून हा पैसा निघायचा, त्या कुणब्याला आपले देणे आता कुणाकडे गेले हे दारात शिपाई उभा राही तेव्हा कळे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर वसुलीचे कामच लिलावात निघाले. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819च्या आपल्या अहवालात ही मक्तेदारी वर्णिली आहे. चढी बोली बोलणाऱ्याला मामलत, त्याने खाली पोटमक्ते द्यायचे, ते उतरत उतरत गावापर्यंत. एल्फिन्स्टन जिंकणाऱ्यांचा माणूस, तेव्हा हरलेल्यांचा कारभार तो काळाच रंगवणार, हे धरून चालावे. तरी काम एकाने पत्करायचे, दुसऱ्याकडून करवून घ्यायचे आणि जाब कुणीच द्यायचा नाही, ही गोष्ट त्याच्या कल्पनेतली नव्हे.

व्यापाऱ्यांचा कागद सरकारच्या कागदाहून शहाणा होता, असे माझे मत आहे. हुंडीही हक्क या हातातून त्या हातात नेते, पण पैसे देणाऱ्याची काळजी घेऊन. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर तो शाह रक्कम परत करायला बांधलेला असे. हुंडी गहाळ झाली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ. मला सर्वांत आवडते ती जिकरी चिठ्ठी. हुंडीबरोबर तिच्या मालकाने त्या गावातल्या आपल्या ओळखीच्या पेढीला लिहायचे की ज्याच्यावर हुंडी आहे त्याने ती नाकारली तर तुम्ही आमच्या पतीवर पैसे द्या. करारात नसलेला माणूस अडचणीच्या वेळी कामी यावा, याची ही तजवीज. 1881चा परक्राम्य संलेखांचा कायदा करताना इंग्रजांनीही देशी भाषांतल्या कागदांबाबतचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात राखून ठेवले.

त्याआधी 1872 साली भारतीय कराराचा कायदा आला. कोल्हापूर संस्थान, तेव्हा इंग्रजी मुलखातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत. 1 मार्च 1949ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तोवर इथली न्यायव्यवस्था वेगळी. पण या कायद्याच्या 40व्या कलमातले एक उदाहरण कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. ‘अ’ने ‘ब’साठी चित्र काढायचे कबूल केले तर ते ‘अ’नेच काढले पाहिजे. आबालाल रहिमानांशी ठरवलेले चित्र दुसऱ्या कुणी आणून दिले तर कोण घेईल? गुळाचे शंभर रवे पोचवायचे असतील तर मात्र गाडी कुणीही हाकावी. तिथेही एक मेख आहे. काम दुसऱ्यावर सोपवले तरी कबूल करणारा सुटत नाही. येणे असलेला माणूस आपला हक्क ऋणकोला न विचारता विकू शकतो. देणे असलेल्याला आपले ओझे धनकोच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होता येत नाही. हल्ली कर्ज एका कंपनीचे आणि वसुलीचा फोन भलत्याचाच, असा अनुभव ज्यांना येतो त्यांनी यातला पहिला अर्धा भाग लक्षात ठेवावा.

आता ज्याच्यासाठी करार झाला, पण जो करारात नाही, त्याचे काय? इंग्लंडात 1861 साली ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन हा खटला झाला. मुला-मुलीच्या लग्नानिमित्त दोन्ही व्याह्यांनी आपसात कबूल केले की दोघांनी जावयाला, म्हणजे एकाच्या मुलाला, पैसे द्यायचे. त्याला दावा लावण्याचा अधिकार असेल, असेसुद्धा कागदात लिहिले. सासरा पैसे न देताच वारला. जावयाने दावा लावला आणि कोर्टाने सांगितले, तू या व्यवहारात परका आहेस, तुझ्याकडून मोबदला गेलेला नाही.

आपल्याकडे असाच प्रसंग एका बाईवर आला. 1877 साली, अल्पवयीन मुला-मुलीच्या लग्नाआधी, मुलाच्या बापाने मुलीच्या बापाशी करार केला की सुनेला दरमहा 500 रुपये ‘खर्च-ए-पानदान’ म्हणून कायमचे देईन, आणि त्यासाठी स्थावर मिळकत बांधून दिली. पुढे सून नवऱ्याचे घर सोडून निघून गेली आणि थकलेल्या रकमेसाठी तिने सासऱ्यावर दावा लावला. सासऱ्याचे म्हणणे, करार तुझ्या बापाशी, तुझा काय संबंध? हुसैनी बेगमचा तो दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1910 साली सय्यद अमीर अलींनी निकाल दिला तो तिच्या बाजूने. ज्या देशात लग्ने आईबाप ठरवतात, तिथे इंग्लंडातला हा नियम जसाच्या तसा लावला तर मोठा अन्याय होईल, असा त्याचा आशय.

पानदान म्हटल्यावर मला आपली ‘चोळीबांगडी’ आठवली. लेकीला, भावजयीला चोळीबांगडीसाठी म्हणून जमिनीचा तुकडा लावून द्यायची आपल्याकडची चाल. कागद बाप-भावांचा, खाणारी बाई तिसरी. शब्द दोन्हीकडे शृंगाराचे, पण प्रश्न पोटाचा. सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली एम. सी. चाको यांच्या खटल्यात मूळ नियम कायम ठेवला आणि विश्वस्त व्यवस्था, कौटुंबिक तडजोड असे अपवादही मान्य केले. बाकीचे तिसरे आजही बाहेरच.

हे सगळे मी गेल्या दिवाळीत लिहीत होतो तेव्हा घराजवळच्या रस्त्यावरून उसाच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर चालले होते. आमच्या जिल्ह्यात हंगाम याच सुमारास सुरू होतो आणि बीडकडची माणसे बिऱ्हाड घेऊन येतात. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा मजुराशी. काम खाली खाली सोपवलेले, उचल वरून खाली आलेली. एखादा मजूर दुसऱ्या मुकादमाकडे गेला तर नवा मुकादम जुन्याची बाकी भागवतो आणि उचल त्याच्या नावे होते. मला वरातदार आठवला.

ओळखीच्या एका मुकादमाकडे मी त्याचा कागद पाहायला मागितला. त्याने हसतच पिशवीतून मुद्रांकाचा कागद काढून दिला. लिहून देणार, लिहून घेणार, वाली-वारस, सगळा जुना साज जागच्या जागी. मजुराचा अंगठा होता, आणि उचल एका कोयत्याची म्हणून लिहिली होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडणार, ती मोळ्या बांधणार, डोक्यावरून गाडीत भरणार. मी कागद उलटून पालटून पाहिला, तिचे नाव कुठेच नव्हते. मुकादमाला विचारले तर म्हणाला, “कोयता लिहिलाय की. त्यात ती आलीच.”