मुतवल्लीचा पासवर्ड

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. मीरा रोडच्या नया नगरात राहणाऱ्या एका हाजीसाहेबांनी मला ईशाच्या नमाजनंतर घरी बोलावलं. ते गावच्या मशिदीचे मुतवल्ली. तिच्या जमिनीची नोंद ‘उम्मीद’ पोर्टलवर करायची होती आणि मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपणार होती. मी पासवर्ड विचारला. म्हणाले, “तो तर एजंटाकडे दिलाय.”

पोर्टलवर तीन भूमिका आहेत. मुतवल्ली माहिती भरणारा, म्हणजे मेकर. वक्फ बोर्डाचा माणूस ती तपासणारा, चेकर. त्यानंतर मंजुरी देणारा अधिकारी, अप्रूव्हर. बँकेत काम केलेल्यांना ही पद्धत ठाऊक आहे: एकाच हाताने सगळं होऊ नये.

आपल्यासाठी यात नवं काही नाही. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन वक्फ केली, तेव्हाच अधिकार ठरवून दिले होते. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात जायची नाही. उत्पन्न गरीब, नातेवाईक, मुसाफिर यांच्यासाठी. सांभाळणाऱ्याने त्यातून रास्त तेवढं खावं, संपत्ती जमवू नये. हे लेखी होतं, त्यावर साक्षीदार होता, आणि पुढची देखभाल नाव घेऊन सोपवली होती त्यांच्या मुलीकडे, हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे.

इंग्रजांच्या काळात १९२३चा मुसलमान वक्फ कायदा आला. मुतवल्लीने सहा महिन्यांत मिळकतीचा तपशील कोर्टात द्यायचा आणि दरवर्षी हिशेब. तेव्हाही मुदत सहाच महिन्यांची होती! पण त्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती: कुणीही व्यक्ती कोर्टात अर्ज करून जास्तीचा तपशील मागू शकत होती. नंतर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने आपल्याकडचे वक्फ धर्मादाय आयुक्तांकडे गेले. महाराष्ट्राचं वक्फ मंडळ जानेवारी २००२चं, आपली मीरा-भाईंदर महापालिका त्याच फेब्रुवारीतली. म्हणजे आमच्या पिढीने दोन्ही एकदमच पाहिली.

२०२५च्या कायद्यावर माझे आक्षेप आहेत, ते पुन्हा कधीतरी. आज आपल्या घरातलं बोलू. मुदत संपली तेव्हा पोर्टलवर देशभरातल्या ५,१७,०४० मिळकतींची नोंद सुरू झालेली होती, मंजूर झाल्या होत्या २,१६,९०५. उरलेल्यांत कागद कमी असलेले, घाईत भरलेले, दुसऱ्याने भरलेले किती असतील?

पासवर्ड ही मुतवल्लीची सही आहे. ती एजंटाच्या हाती गेली की गटनंबर चुकला तरी जबाब द्यायचा मुतवल्लीनेच, इथेही आणि आखिरतमध्येही. टायपिंग कुणीही करो, सही आपलीच हवी.

त्या रात्री आम्ही आधी पासवर्ड बदलला. मग मी हाजीसाहेबांना म्हटलं, भरलेल्या माहितीची एक प्रत जुम्म्याला मशिदीच्या फलकावर लावा. ते थोडं थांबले. “लोक प्रश्न विचारतील.”

विचारू द्या. नमाजी हा चौथा तपासनीस आहे. त्याची भूमिका पोर्टलने द्यायची वाट कशाला पाहायची?