स्वतःच्याच आवाजाने बहिरा झालेला उपग्रह

वर्गात सगळी मुले एकदम बोलू लागली, की आपली सूचना कोणालाच ऐकू जात नाही. एका छोट्या उपग्रहावर असाच प्रसंग ओढवला होता.

इंग्लंडमधील सरे विद्यापीठात मार्टिन स्वीटिंग व सहकाऱ्यांनी बनवलेला यूओसॅट-१ हा उपग्रह ६ ऑक्टोबर १९८१ रोजी सोडण्यात आला. सुमारे ५४० किलोमीटर उंचीवरील त्याची कक्षा सूर्य-समकालिक होती. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने अशा कक्षेचे प्रतल रोज सुमारे १ अंश, सूर्याच्या बरोबरीने, वळते. म्हणून उपग्रह आपल्यावरून रोज साधारण ठरावीक वेळांनाच जातो. त्याचे संदेश साध्या उपकरणांवर शाळांनाही ऐकता येत.

एप्रिल १९८२ मध्ये एका चुकीमुळे त्याचे दोन प्रक्षेपक एकाच वेळी चालू राहिले. त्या गोंगाटात जमिनीवरून दिलेली आज्ञा त्याला ऐकूच येईना. अखेर सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथील ४६ मीटर व्यासाच्या तबकडीतून जोरदार आज्ञा पाठवली, आणि ती पोहोचली!

मोठ्या तबकडीचा झोत अरुंद असतो. पळत्या उपग्रहावर तो रोखायचा, तर उपग्रह कोणत्या क्षणी कुठे असेल हे आधीच नेमके माहीत हवे. मागोव्याचे मोल इथे कळते. यूओसॅट-१ पुढे ऑक्टोबर १९८९ पर्यंत कक्षेत होता.