मार डोक्याला, शंका माणसावर

२ जानेवारी १९८१, सिडनी कसोटी. आपला मुंबईकर संदीप पाटील ६५ वर खेळतोय, डोक्यावर हेल्मेट नाही. लेन पास्कोचा बाउन्सर कानाजवळ बसला आणि पाटील कोसळला. रिटायर्ड हर्ट! तरी दुसऱ्या डावात पठ्ठ्या पुन्हा फलंदाजीला उतरला. आणि त्याच महिन्यात ॲडलेडला त्याने १७४ ठोकले.

आपण ही गोष्ट मर्दुमकी म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मंडळी, तेव्हा बदली खेळाडूला फक्त फिल्डिंग करता यायची. डोकं गरगरत असलं तरी पर्याय दोनच: खेळा, नाहीतर संघ एकाने कमी. कन्कशनसाठी पूर्ण बदली खेळाडू आयसीसीने दिला १ ऑगस्ट २०१९ पासून. तरीही डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या जागी चहल आला, त्याने ३ विकेट काढल्या आणि लगेच कुजबुज सुरू. खरंच लागलंय का ह्याला?

ही शंका जुनीच. १८६६ साली लंडनचे सर्जन एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून 'धडधाकट' वाचलेल्यांचे महिनोन् महिने टिकणारे त्रास नोंदवले. १८८३ मध्ये रेल्वे कंपनीचेच सर्जन पेज म्हणाले, हा तर भीतीचा परिणाम! नुकसानभरपाईचा प्रश्न होता ना.

आमच्या कोडोलीत कुणी गाडीवरून पडलं की पहिला प्रश्न, "रगात आलं काय रं?" नाही? मग काही झालं नाही! कन्कशनची गोची हीच. रक्त नाही आणि सीटी स्कॅनही बहुतेकदा नॉर्मल, कारण बिघाड मेंदूच्या रचनेपेक्षा कामकाजात असतो. हार्डवेअर ठीक, पण सिस्टीम हँग. डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा त्रास, विसराळूपणा, झोपेचं खोबरं. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं, काहींचं चार आठवड्यांनंतरही रेंगाळतं.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहा म्हणायचे. आता सल्ला वेगळा आहे: एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, मग हळूहळू चालणं आणि टप्प्याटप्प्याने काम. मात्र उलट्या थांबत नसतील, गुंगी येत असेल किंवा डोकेदुखी वाढत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि टीममधला कुणी बाइकवरून पडून परतला, तिसऱ्या आठवड्यातही मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून बसला, तर त्याला नाटकी म्हणू नका. पाटीलला निदान सगळ्यांनी पडताना पाहिलं होतं. ह्याला कुणी पाहिलेलं नसतं.