शिर्डीची दानपेटी आणि धर्मादायाचा कायदा

साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, शिर्डीत देह ठेवला. त्यांच्या मागे मृत्युपत्र नव्हते, नेमलेला उत्तराधिकारी नव्हता आणि दानधर्मासाठी केलेला कोणताही दस्त नव्हता. त्या वेळी कोपरगाव तालुक्यात मोडणाऱ्या या लहानशा गावातील समाधीपुढे आज वर्षाला शेकडो कोटी रुपये जमा होतात. मधल्या शतकात या देवस्थानाने जिल्हा न्यायालयाची योजना, सार्वजनिक न्यासाची नोंदणी, न्यायालयाने नेमलेला रिसीव्हर, विश्वस्त मंडळ आणि अखेर विधिमंडळाचा स्वतंत्र कायदा अशा एकामागून एक व्यवस्था पाहिल्या. धर्मादाय संस्था काढताना तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: पैसा कोणाच्या नावावर राहील, कारभार कोण पाहील आणि हेतू धार्मिक की लोकोपयोगी. शिर्डीत यांपैकी एकही गोष्ट आधी ठरलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येकीचा निकाल न्यायालयात किंवा कायदेमंडळात लागला.

बाबांच्या हयातीत पैशाचा साठा होतच नव्हता. भक्तांकडून मागून घेतलेली दक्षिणा संध्याकाळपर्यंत वाटली जाई. त्या काळी १८८६ चा आयकर कायदा लागू होता आणि १९०३ नंतर वर्षाला हजार रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते. शिर्डीत येणारी रोजची रक्कम पाहून आयकर खात्याचे लक्ष गावाकडे वळल्याचे भक्तांच्या आठवणींत सांगितले जाते. फकिराच्या हाती शिल्लक काहीच राहत नसल्याने त्याच्यावर आकारणी करता आली नाही. मग त्यांच्याकडून नियमित पैसे मिळणाऱ्या बडेबाबा, तात्या कोते पाटील यांच्यासारख्यांवर कर बसला, असे या आठवणी सांगतात. कराच्या दृष्टीने हे सुसंगतच होते. दान हे देणाऱ्याचे पुण्य असले, तरी कोणत्याही धर्मादाय चौकटीबाहेर ते नियमितपणे एखाद्या व्यक्तीच्या हाती पडू लागले की ते त्या व्यक्तीचे उत्पन्न मानले जाऊ शकते. १८८६ च्या कायद्याने सूट दिली होती ती केवळ धार्मिक किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मालमत्तेच्या उत्पन्नाला. शिर्डीत अशी मालमत्ता नव्हती आणि ती धारण करणारी संस्थाही नव्हती.

देह कोठे ठेवायचा यावरून वाद झाला आणि प्रकरण कोपरगावच्या मामलेदारांपर्यंत गेले. काहींना मोकळ्या जागेवर कबर हवी होती. बहुसंख्यांचे मत नागपूरचे धनिक बापूसाहेब बुट्टी यांनी बांधलेल्या वाड्याच्या बाजूने पडले आणि समाधी तेथे झाली. यातून कायद्याची नवी अडचण उभी राहिली. समाधी एका खासगी गृहस्थाच्या वास्तूत, येणारे दान मृत संताच्या नावे आणि सेवा वेगवेगळ्या भक्तांच्या हाती. प्रतिष्ठापित देवमूर्तीला कायदा व्यक्ती मानतो आणि तिच्या नावे मालमत्ता राहू शकते. समाधीच्या बाबतीत मात्र असे सरळ उत्तर नव्हते. १८८२ चा भारतीय न्यास कायदाही उपयोगाचा नव्हता, कारण तो खासगी न्यासांपुरता आहे. सार्वजनिक न्यासासाठी मार्ग होता दिवाणी प्रक्रिया संहितेचा. १९०८ च्या संहितेतील कलम ९२ प्रमाणे हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना पूर्वपरवानगी घेऊन जिल्हा न्यायालयात जाता येई. न्यायालय विश्वस्त नेमू शके, मालमत्ता त्यांच्याकडे सोपवू शके आणि कारभाराची योजना ठरवून देऊ शके.

मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांच्या पुढाकाराने अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाकडून १९२२ मध्ये योजना मंजूर झाली आणि ‘साईबाबा संस्थान’ कायद्याच्या नजरेत अस्तित्वात आले. दीक्षित स्वतः त्याचे मानद चिटणीस झाले. तोवर समाधीची सेवा करणाऱ्या अब्दुलबाबांनी वारसा सांगून हरकत घेतली, पण त्यांचा दावा टिकला नाही. योजनेने एक गोष्ट पक्की केली. समाधीपुढचे दान कोणा शिष्याचे किंवा वारसाचे नाही, ते सार्वजनिक आहे आणि समितीने त्याचा हिशेब ठेवायचा आहे.

जिल्ह्यात दुसरी वाटही त्याच सुमारास रुळत होती. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जणांनी घटना आणि नियमावली करून संस्था नोंदवायची, सभासद घ्यायचे आणि कार्यकारिणी निवडायची. शिक्षणाचे काम करणाऱ्या मंडळींना हे रूप सोयीचे होते. अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज १९१८ मध्ये, म्हणजे बाबांच्या निर्वाणाच्याच वर्षी, सुरू झाला. न्यासात विश्वस्त एकदा नेमले की सहसा टिकतात. संस्थेत सभासदांचे मत मोजले जाते आणि निवडणुकीने कारभारी बदलतात. हा फरक पुढे जिल्ह्यातील अनेक संस्थांतील वादांचे मूळ ठरला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक न्यास कायदा केला. आज तो महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायदा म्हणून ओळखला जातो. मंदिर, मठ, वक्फ, चर्च, अग्यारी, व्यापाऱ्यांनी गोळा केलेला धर्मादा आणि १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या धार्मिक वा धर्मादाय संस्था हे सारे त्याने ‘सार्वजनिक न्यास’ या एका व्याख्येत आणले. म्हणूनच महाराष्ट्रात संस्थेला दुहेरी नोंदणी करावी लागते. धर्मादाय आयुक्त हे पद याच कायद्याने निर्माण झाले. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज, विश्वस्त किंवा मालमत्ता बदलल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज, दरवर्षी लेखापरीक्षण, स्थावर मालमत्ता विकण्याआधी आयुक्तांची मंजुरी, अशी आजही चालणारी शिस्त तेव्हापासूनची आहे. या प्रशासनाच्या खर्चासाठी न्यासांकडून अंशदान घेतले जाई आणि तो कर आहे की शुल्क यावर वाद झाला. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ते शुल्क असल्याचे ठरवून वैध मानले. मात्र एका धार्मिक न्यासाचा पैसा दुसऱ्याच हेतूकडे वळवण्याची जी मोकळीक कायद्यात होती, ती न्यायालयाने रद्द केली.

नव्या कायद्यामुळे योजनेसाठी दावा आणण्याचे अधिकार धर्मादाय आयुक्तांकडे आले. शिर्डीच्या बाबतीत १९६० मध्ये मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. पुढची सुमारे दोन तपे संस्थानाचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती राहिला. नव्या योजनेनुसार विश्वस्त मंडळ आले ते १९८४ मध्ये. गावापुरते असलेले देवस्थान याच काळात देशभराचे झाले आणि रुग्णालय, निवास, प्रसादालय अशी कामे वाढली.

याच्या उलट उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराजवळचेच आहे. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी हयातीतच, एप्रिल १९५९ मध्ये, ‘अवतार मेहेरबाबा परपेच्युअल पब्लिक चॅरिटेबल ट्रस्ट’ स्थापन केला. न्यास कायमस्वरूपी आणि सार्वजनिक धर्मादाय आहे, हे नावातच आले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि अरणगावजवळच्या मेहेराबादेत समाधी झाली, तेव्हा ती सांभाळणारी संस्था दहा वर्षे आधीपासून तयार होती. शिर्डीला जी रचना चार वर्षांच्या वादानंतर न्यायालयाकडून मिळवावी लागली, ती येथे संस्थापकाच्या सहीने आधीच उभी होती.

शिर्डीचा पसारा वाढला तसा न्यायालयीन योजनेचा आधार राज्याला अपुरा वाटू लागला. विधिमंडळाने २००४ मध्ये श्री साईबाबा संस्थान विश्वस्तव्यवस्था (शिर्डी) अधिनियम केला. त्यानुसार व्यवस्थापन समिती राज्य सरकार नेमते, दैनंदिन कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असतो आणि निधी कोणत्या कामांवर खर्च करायचा ते कायद्यातच लिहिलेले आहे. देणगीचा पैसा सार्वजनिक असल्याने त्यावर सरकारचे नियंत्रण असावे, ही यामागची भूमिका. परंतु नियंत्रण सरकारकडे गेले की खर्चाच्या सोयी-गैरसोयीही सरकारच्या होतात. निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाने ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि रक्कम देण्यास स्थगिती मिळाली. दुष्काळी भागाला पाणी ही लोकोपयोगी गोष्ट असली, तरी भक्तांनी समाधीपुढे टाकलेल्या पैशातून सरकारी प्रकल्प व्हावा का, हा प्रश्न होता. सप्टेंबर २०२२ मध्ये याच खंडपीठाने सरकारनियुक्त समितीच बरखास्त केली आणि जिल्ह्याचे प्रधान न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या तदर्थ समितीकडे कारभार दिला. शंभर वर्षांपूर्वीप्रमाणे जबाबदारी पुन्हा जिल्हा न्यायालयाच्या दारात आली. दरम्यान २०१८ मध्ये नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर देवस्थानासाठीही असाच स्वतंत्र कायदा मंजूर झाला होता.

कराचा इतिहास या सगळ्याच्या समांतर चालला. भारतीय आयकर कायद्यांनी सुरुवातीपासून ‘धार्मिक’ आणि ‘धर्मादाय’ हे दोन शब्द शेजारी ठेवून दोन्हींना सूट दिली. १९२२ च्या कायद्यात धर्मादाय हेतूची फोड आली: गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचे अन्य कोणतेही काम. १९६१ च्या कायद्याने ती पुढे चालवली आणि अटी वाढवल्या. उत्पन्नाचा ठरावीक भाग त्याच वर्षी हेतूसाठी खर्च झाला पाहिजे. शिल्लक ठेवण्याची मुभा आधी २५ टक्के होती, पुढे ती १५ टक्के झाली. शिल्लक पैसा बँक ठेवी, सरकारी रोखे अशा ठरवून दिलेल्या मार्गांनीच गुंतवायचा. संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांच्या नातलगांना लाभ दिल्यास सूट धोक्यात येते. १९६१ च्या कायद्यानंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास एकाच जातीच्या किंवा धर्मसमूहाच्या लाभासाठी असेल, तर त्यालाही सूट नाही. १९७० च्या दशकापासून सूट घेण्यासाठी आयकर खात्याकडेही नोंदणी करावी लागू लागली. देणगीदाराला वजावट देणाऱ्या कलम ८०-जीसाठी नियम आणखी कडक आहेत. धार्मिक कामावर उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून अधिक खर्च करणाऱ्या संस्थेला ही मान्यता मिळत नाही.

शिर्डीचा मोठा करविवाद याच सीमेवर झाला. २००६ च्या वित्त कायद्याने निनावी देणग्यांवर ३० टक्के कर आणला. दात्याचे नाव-पत्ता ठेवणे संस्थेवर बंधनकारक झाले. शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांच्या नावाखाली काळा पैसा पांढरा होऊ नये, हा उद्देश होता. पूर्णपणे धार्मिक संस्थांना त्यातून वगळले गेले. धार्मिक आणि धर्मादाय असे दोन्ही हेतू असलेल्या संस्थांनाही, विद्यापीठ, शाळा किंवा रुग्णालय यांच्यासाठी म्हणून दिलेली निनावी देणगी सोडली, तर सूट मिळाली. दानपेटीत पैसे टाकणारा भाविक पावती मागत नाही. त्यामुळे संस्थान कोणत्या वर्गात मोडते यावर कोट्यवधींचा कर अवलंबून होता.

आयकर खात्याचे म्हणणे असे की संस्थानाला ८०-जीची मान्यता आहे, धार्मिक बाबींवर ते उत्पन्नाचा अगदी लहान भाग खर्च करते, म्हणून ते निव्वळ धर्मादाय आहे आणि पेटीतील निनावी दान करपात्र आहे. संस्थानाने पूजाअर्चा, उत्सव आणि मंदिराची व्यवस्था यांच्याकडे बोट दाखवले. आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये संस्थानाचे म्हणणे मान्य केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याचे अपील फेटाळले. संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, असा निष्कर्ष निघाला. ८०-जीची मान्यता असल्याने संस्थेचे धार्मिक स्वरूप पुसले जात नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग. निकालानंतर वर्षभरातच नवा आयकर कायदा आला. २०२५ च्या विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात दोन्ही हेतू असलेल्या संस्थांची ही सवलत नव्हती. प्रवर समितीने ती ठेवण्याची शिफारस केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ती परत आली. हा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्याचे ठरले.

आज जिल्ह्यात नवा धर्मादाय न्यास काढणाऱ्यापुढे याच इतिहासाने घडवलेली वाट आहे. आधी रूप निवडायचे: न्यास, संस्था, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ ची ना-नफा कंपनी. न्यास किंवा संस्था असेल, तर पुढे सहायक धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. आयकर खात्याकडे आधी तात्पुरती आणि काम सुरू झाल्यावर नियमित नोंदणी. ही पद्धत २०२१ पासूनची आहे. परदेशी देणगी घ्यायची असल्यास २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली वेगळी परवानगी. या सगळ्यांत सर्वाधिक काळ टिकणारा मजकूर असतो तो उद्देशांच्या कलमाचा. आयुक्त तो नोंदणीच्या वेळी वाचतात, न्यायालय वादाच्या वेळी आणि आयकर खाते सूट ठरवताना. विश्वस्त बदलतात, कायदेही बदलतात. पैसा कशासाठी घेतला याचे उत्तर मात्र याच कलमात शोधले जाते, आणि ते नसेल तेथे शिर्डीप्रमाणे न्यायालयाला लिहून द्यावे लागते.