ट्रायकोकार्ड आपल्या वावरात आलं कुठून

परवा पऱ्हाटीच्या पानाखाली ट्रायकोकार्डाच्या पट्ट्या टाचत होतो, तर शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, ह्या खसखशीनं आळी मरती व्हय?" दिसतं ते खसखशीसारखंच. म्हणून जरा मागचं लिहितो.

त्या दाण्यातून निघणारी माशी अर्ध्या मिलिमीटरची. नाव ट्रायकोग्रामा, म्हणजे केसांची रेघ. पंखावर बारीक केसांच्या ओळी असतात. वेस्टवूड नावाच्या इंग्रजानं 1833 साली हे नाव ठेवलं. आळी मारणं हिचं कामच नाही. पतंगानं घातलेल्या अंड्यात ही आपलं अंडं घालते. हिचं पिल्लू आतलं सगळं खातं, अंडं काळं पडतं, आणि आठ-दहा दिवसांनी आळीऐवजी माशीच बाहेर येते. आळी एकदा बोंडात शिरली की हिचा काही उपयोग नाही.

पण वावरात सोडायला लाखांनी माश्या आणायच्या कुठून? कॅलिफोर्नियात फ्लँडर्सनं साठवणीच्या धान्यात होणाऱ्या पतंगाच्या अंड्यांवर ही माशी वाढवली. 1930 साली त्याची पद्धत छापून आली. आपल्याकडं त्यासाठी कॉर्सिरा पतंग वापरतात. तो काही परका नाही. कोठीतल्या धान्याला जाळी करणारी आळी असती ना, तिचाच तो पतंग. प्रयोगशाळेत त्याला ज्वारीच्या भरड्यावर वाढवतात, अंडी डिंकानं कार्डावर चिकटवतात, अतिनील प्रकाशात आतला जीव मारतात, मग त्यावर माश्या सोडतात. एका कार्डावर साधारण 20,000 अंडी. आपली ज्वारी खाणारा कापसाच्या राखणीला लावला, हे मला लई आवडतं.

ह्या माश्यांच्या जाती डोळ्यानं ओळखू येत नाहीत. 1971 साली सुधा नगरकट्टी आणि एच. नागराजा यांनी नराच्या जननेंद्रियावरून जात ओळखता येते, हे दाखवून दिलं. जात महत्त्वाची आहे बरं का. उसाच्या खोडकिडीला चिलोनिस लागते, गुलाबी बोंडआळीला तिची भावकीतली ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री.

2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, 2006 साली बीजी-2 आलं, आणि कार्ड आपण विसरलो. 2017 ला गुलाबी आळीनं बोंडं पोखरली तेव्हा पुन्हा आठवलं.

मीही त्या साली कार्डं लावली. चार दिवसांनी तुडतुडे दिसले, राहवलं नाही, फवारा मारला. नेमकी माश्या निघायची वेळ. आळीच्या आधी मीच त्या मारल्या, आणि वर वर्षभर सांगत फिरलो की कार्डात दम नाही.

यंदा कामगंध सापळ्यात पतंग दिसायला लागल्यावर, ऊन उतरल्यावर लावलीत. एकरी तीन. फवारणीचा पंप मुद्दाम मेव्हण्याकडं नेऊन ठेवलाय.