हिशेबाला कचेरीत जागा

हिशेबाने निर्णय घ्यायचे म्हटले की कामगाराच्या डोळ्यांसमोर घड्याळ घेऊन पाठीशी उभा राहिलेला माणूस येतो. ही धास्ती अकारण नाही. तरीही सरकारी खात्यांत हिशेबाला मानाची जागा मिळाली पाहिजे, असे माझे मत आहे; आणि त्याला इतिहासाचा आधार आहे.

१९४१ साली पॅट्रिक ब्लॅकेट हे पदार्थवैज्ञानिक ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये दाखल झाले. तेथील विमाने जर्मन पाणबुड्यांवर जे बॉम्ब टाकीत, ते १०० फूट खोलीवर फुटत. विमान दिसताच पाणबुडी खोल बुडी मारते, ही त्यामागची समजूत. ब्लॅकेट यांचे सहकारी ई. जे. विल्यम्स यांनी हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. खोल गेलेल्या पाणबुडीचा ठावठिकाणाच उरत नाही. नेम लागतो तो पृष्ठभागाजवळ असलेल्या पाणबुडीवर, आणि बॉम्ब तर तिच्या पुष्कळ खाली फुटतो! खोली २५ फुटांवर आणावी, असे त्यांनी सुचविले. ती टप्प्याटप्प्याने कमी केली गेली. विमाने तीच, वैमानिक तेच. पण हल्ले कितीतरी अधिक यशस्वी होऊ लागले.

परंतु या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १९४२ साली लॉर्ड चर्वेल यांनी पंतप्रधान चर्चिल यांना दुसरा एक हिशेब सादर केला: जर्मन शहरांतील वस्तीवर बॉम्बवर्षाव केल्यास सुमारे एक-तृतीयांश जनता बेघर होईल. हा अंदाज सुमारे सहापट फुगलेला आहे, असे ब्लॅकेट यांनी सांगितले. हेन्री टिझर्ड यांनीही आक्षेप घेतला. सरकारने दोघांचेही ऐकले नाही. युद्धानंतरच्या पाहणीत तो अंदाज फारच फुगीर ठरला. तोवर शहरे जळून गेली होती.

आकडे दोन्हीकडे होते. फरक एवढाच की, विल्यम्स यांचा हिशेब प्रत्यक्ष हल्ल्यांच्या नोंदींतून निघाला आणि समुद्रावर पुन्हा पडताळता आला. चर्वेल यांचा हिशेब आधीच ठरलेल्या धोरणाला टेकू म्हणून वापरला गेला, आणि तो गुप्त कागदावर राहिला.

हेच ब्लॅकेट १९४० च्या दशकात वैज्ञानिक कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, हे मला अर्थपूर्ण वाटते. एस. टी.ची फेरी बंद करावी की वाढवावी, हे साहेबांच्या मर्जीने न ठरता हिशेबाने ठरावे. पण त्या हिशेबात वाहकाची रोजची नोंद असावी, त्यातील गृहीते उघड असावीत आणि ती खोडून काढण्याचा हक्क प्रवाशाला व कामगाराला असावा. संघटनांनी हिशेबाला विरोध करू नये. हिशेबाची वही मागावी.