इराक युद्धाच्या समर्थनांचा वाद

अमेरिका, ब्रिटन आणि त्यांच्या मित्रदेशांनी २० मार्च २००३ रोजी इराकवर आक्रमण केले. त्यासाठी या सरकारांनी युद्धापूर्वी, युद्ध चालू असताना आणि नंतर जी कारणे दिली, त्यांच्या खरेपणावरून आणि त्यांच्या बदलत्या क्रमावरून झालेला हा वाद. सर्वसंहारक अस्त्रे, अल कायदाशी संगनमत, इराकी जनतेची सुटका, पश्चिम आशियातील लोकशाही आणि अखेरीस माघारीने ओढवणारा अनर्थ, अशी ही कारणे ओळीने सांगितली जातात. प्रत्यक्षात त्यांचा क्रम इतका सरळ नव्हता. यातील बहुतेक कारणे पहिल्यापासून कोणी ना कोणी उच्चारली होती. कोणत्या दिवशी, कोणासमोर, कोणत्या कारणावर भर दिला गेला, हा वादाचा खरा विषय आहे.

पार्श्वभूमी : कुवेत युद्धानंतर १९९१ साली सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. ६८७ ने इराकवर रासायनिक, जैविक व आण्विक अस्त्रे नष्ट करण्याचे बंधन घातले. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिका व ब्रिटनच्या हवाई हल्ल्यांच्या तोंडावर शस्त्रनिरीक्षक इराकबाहेर पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने इराक मुक्ती कायदा झाला व सद्दाम हुसेन यांची राजवट जावी हे अमेरिकेचे जाहीर धोरण ठरले. मात्र सैन्य वापरण्याची परवानगी त्या कायद्यात नव्हती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर हे धोरण युद्धाच्या दिशेने सरकले.

अस्त्रांचे कारण : उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी २६ ऑगस्ट २००२ रोजी नॅशव्हिल येथे माजी सैनिकांपुढे बोलताना सद्दामकडे सर्वसंहारक अस्त्रे असल्याबद्दल तिळमात्र शंका नाही असे सांगितले. ७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सिनसिनाटीत इशारा दिला, की अंतिम पुराव्याची वाट पाहत बसलो तर तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपानेच समोर येईल. लोकांना युद्धाला राजी करण्यात या वाक्याइतके काम दुसऱ्या कोणत्याही कागदाने केले नसेल.

गुप्तचर यंत्रणांचा त्याच महिन्यातला एकत्रित अंदाज अवघ्या तीनेक आठवड्यांत तयार झाला होता. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी आहेत हे ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना मान्य नव्हते. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याच्या निष्कर्षालाच हरकत घेतली होती, तर इराकच्या वैमानिकरहित विमानांबद्दलच्या निष्कर्षावर हवाई दलाचा आक्षेप होता. सामान्य नागरिकांसाठी जी आवृत्ती प्रसिद्ध झाली तिच्यातून या शंका बहुतांशी गळाल्या, असे सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने २००४ साली नोंदवले. शंका असणे हा कोणत्याही गुप्तचर यंत्रणेचा दोष नाही. शंका लपवून खात्री विकणे हा मात्र जनतेशी केलेला गंभीर अपराध आहे, आणि या प्रकरणात तो घडला.

अमेरिकी काँग्रेसने बळाच्या वापराला परवानगी देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत केला. त्याच्या प्रस्तावनेत वीसहून अधिक कारणे होती : अस्त्रे, सुरक्षा परिषदेच्या ठरावांचा भंग, स्वतःच्या जनतेवरील अत्याचार, दहशतवाद्यांना आसरा, १९९३ साली थोरल्या बुश यांच्या हत्येचा झालेला प्रयत्न. २००४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधात सप्टेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ या काळातील प्रशासन, काँग्रेस आणि वृत्तपत्रांची वक्तव्ये तपासून युद्धाची एकूण २७ वेगवेगळी कारणे मोजली.

५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत ध्वनिफिती व उपग्रहचित्रे मांडली. फिरत्या जैविक प्रयोगशाळांचा त्यांचा दावा प्रामुख्याने जर्मन गुप्तचरांच्या ताब्यातील एका इराकी निर्वासितावर अवलंबून होता. ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माणसाची गोष्ट बनावट निघाली. इराकने अल कायदाच्या लोकांना विषारी अस्त्रांचे प्रशिक्षण दिल्याची माहिती इजिप्तमध्ये छळ झालेल्या एका कैद्याकडून आली होती आणि पुढे त्याने ती नाकारली. बुश यांनी २८ जानेवारीच्या वार्षिक भाषणात इराक आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहत असल्याचे म्हटले होते. त्यामागची नायजरची कागदपत्रे अस्सल नाहीत, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी ७ मार्चला सुरक्षा परिषदेत स्पष्ट केले. युद्धाला तेव्हा तेरा दिवस उरले होते.

सगळ्या वादात या मार्च महिन्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. शस्त्रनिरीक्षण पुन्हा सुरू करायला लावणारा ठराव क्र. १४४१ सुरक्षा परिषदेने १५ विरुद्ध ० मतांनी संमत केला होता आणि नोव्हेंबर २००२ अखेरीस निरीक्षक इराकमध्ये परतले होते. निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांच्या पथकाने सातशेहून अधिक तपासण्या केल्या. उरलेल्या कामाला वर्षे नकोत, आठवडेही पुरणार नाहीत, काही महिने हवेत, असे ब्लिक्स यांनी ७ मार्चला सांगितले. अस्त्रे हेच युद्धाचे कारण असेल, तर ती आहेत की नाहीत हे तपासणारी माणसे इराकमध्ये हजर होती आणि मुदत मागत होती. त्यांना परत बोलावून बॉम्बफेक सुरू झाली. कारणे ‘नंतर बदलली’ असे म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवे, की मुख्य कारणाची परीक्षा युद्धापूर्वीच थांबवण्यात आली होती.

युद्धानंतरचे बदल : अस्त्रे सापडली नाहीत. शोधपथकाचे मावळते प्रमुख डेव्हिड के यांनी २८ जानेवारी २००४ रोजी सिनेट समितीपुढे आपण जवळजवळ सगळेच चुकलो अशी कबुली दिली. त्यांच्या जागी आलेल्या चार्ल्स ड्युल्फर यांच्या अहवालाने त्याच वर्षी सांगितले, की इराकचे साठे १९९१ नंतर नष्ट झाले होते. सद्दामला निर्बंध उठल्यावर ती क्षमता परत मिळवायची होती आणि इराणला धाकात ठेवण्यासाठी तो मुद्दाम संदिग्ध राहिला होता. दरम्यान सरकारी भाषाही उतरत गेली. जानेवारी २००४ च्या भाषणात बुश ‘अस्त्रांशी संबंधित कार्यक्रमांच्या हालचालीं’बद्दल बोलले. संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी त्याआधीच, मे २००३ मध्ये, एका मासिकाच्या मुलाखतीत सांगून टाकले होते, की प्रशासनातल्या सर्वांचे एकमत होऊ शकेल असा मुद्दा म्हणून अस्त्रांवर भर देण्यात आला.

अल कायदाच्या कारणाची गत वेगळी झाली. सरकारने सद्दामवर ११ सप्टेंबरच्या कटाचा थेट आरोप क्वचितच केला, पण दोन्ही नावे एका श्वासात इतक्या वेळा घेतली, की ऑगस्ट २००३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना त्या हल्ल्यांत सद्दामचा हात असणे संभवनीय वाटत होते. असा पुरावा नाही, हे बुश यांनी सप्टेंबर २००३ मध्ये, म्हणजे बगदाद पडल्यावर पाच महिन्यांनी सांगितले. दोघांमध्ये एकत्र कारवाई करण्याइतके संबंध दिसले नाहीत, असा ११ सप्टेंबर आयोगाचा २००४ चा निष्कर्ष आहे.

मग मुक्ततेचे कारण पुढे आले. त्यात तथ्य होते हे मान्य केलेच पाहिजे. मार्च १९८८ मध्ये हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू सोडून सद्दामच्या सैन्याने हजारो माणसे मारली होती. परंतु त्या वेळी अमेरिका इराणविरुद्ध इराकच्याच पाठीशी होती. मानवतेसाठी युद्ध करायचे तर चालू असलेले किंवा दाराशी आलेले हत्याकांड थांबवण्यासाठी करावे. २००३ साली तशी स्थिती नव्हती, हा ‘ह्यूमन राइट्स वॉच’चे केनेथ रॉथ यांचा जानेवारी २००४ मधील युक्तिवाद आजही खोडता आलेला नाही. एप्रिल २००४ मध्ये अबू घरैबच्या तुरुंगातील कैद्यांच्या छळाची छायाचित्रे बाहेर आली आणि या कारणाची उरलीसुरली नैतिक पुण्याईही संपली.

२००५ पासून युद्ध का केले यापेक्षा ते का थांबवू नये, याची कारणे दिली जाऊ लागली. ऑगस्टमध्ये टेक्सासमधील बुश यांच्या शेतघराबाहेर सिंडी शीहान ही मृत सैनिकाची आई तळ ठोकून बसली. आपला मुलगा कोणत्या थोर कार्यासाठी मेला, एवढाच तिचा प्रश्न होता. त्याच महिन्यात बुश यांनी माजी सैनिकांना सांगितले, की मृतांचे ऋण त्यांचे काम तडीस नेऊनच फेडता येईल. दहशतवादी इराकच्या तेलक्षेत्रांचा ताबा घेतील, असेही ते म्हणाले. मृतांचे ऋण फेडण्यासाठी आणखी माणसे पाठवायची, हे कारण कधीच खोटे ठरवता येत नाही, कारण प्रत्येक नवा मृत्यू त्याला बळच देतो. सगळ्या कारणांत हेच प्रस्तुत लेखकाला सर्वांत निर्दय वाटते. शिवाय युद्धापूर्वी अल कायदाचा इराकमध्ये नसलेला जोर आक्रमणानंतरच्या अराजकातून निर्माण झाला होता. कारवाईचा परिणाम हाच कारवाईचे समर्थन बनला.

ब्रिटनमधील वाद : इथे प्रश्न कायद्याचा होता. केवळ राजवट उलथवण्यासाठी युद्ध करणे बेकायदेशीर ठरले असते, त्यामुळे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना अस्त्रांचे कारण सोडता येत नव्हते. सप्टेंबर २००२ च्या सरकारी पुस्तिकेत इराक ४५ मिनिटांत काही अस्त्रे वापरण्यास सज्ज करू शकतो असा दावा होता. २३ जुलै २००२ च्या एका गुप्त बैठकीचे टिपण २००५ साली ‘संडे टाइम्स’ने छापले. वॉशिंग्टनमध्ये धोरणाला अनुरूप अशी माहिती जुळवली जात आहे, असे ब्रिटिश गुप्तचर प्रमुखांचे मत त्यात नोंदले होते. महाधिवक्ता लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ च्या सविस्तर टिपणात सुरक्षा परिषदेचा दुसरा ठराव मिळवणे सर्वांत सुरक्षित, असे लिहिले. दहा दिवसांनी संसदेला मिळालेल्या त्यांच्या लहानशा उत्तरात ही साशंकता उरली नव्हती. माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी त्याच दिवशी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १८ मार्चला कॉमन्स सभेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली.

डिसेंबर २००९ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत ब्लेअर म्हणाले, की अस्त्रे नाहीत हे ठाऊक असते तरी सद्दामला हटवणे आपल्याला योग्यच वाटले असते. फक्त वेगळे युक्तिवाद करावे लागले असते. या एका उत्तराने वादाचे स्वरूप जितके उघड केले तितके टीकाकारांना कधी जमले नाही. संमती ज्या कारणावर घेतली ते निर्णयाचे कारण नव्हतेच, असाच त्याचा अर्थ होतो.

समर्थकांची बाजू : युद्धाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की कारणे बदलली हा आरोपच खोटा आहे. काँग्रेसच्या ठरावात अत्याचारांचा उल्लेख होता, आणि इराकमधील लोकशाहीबद्दल बुश यांनी २६ फेब्रुवारी २००३ रोजी, आक्रमणापूर्वीच, सविस्तर भाषण केले होते. इराककडे अस्त्रे आहेत असे युद्धाला विरोध करणाऱ्या देशांच्या गुप्तचरांनाही वाटत होते. एकाच निर्णयामागे अनेक हेतू असणे स्वाभाविक आहे. यातला शेवटचा मुद्दा रास्त आहे. मात्र प्रत्येक कारण वेगळ्या कृतीची मागणी करते. अस्त्रांसाठी निरीक्षक हवे होते. लोकशाहीसाठी पुरेसे सैन्य, प्रशासनाची तयारी आणि इराकी लष्कर टिकवण्याची दूरदृष्टी हवी होती. उलट मे २००३ मध्ये ते लष्करच बरखास्त झाले. ज्या कारणासाठी तयारीच केली नाही, ते आपले मूळ कारण होते असे सांगण्याचा अधिकार कोणाला कसा उरेल? तेल, इस्राएलचे हितसंबंध, अमेरिकी सामर्थ्याचे प्रदर्शन असे न सांगितलेले हेतूही अभ्यासकांनी सुचवले आहेत. अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी २००७ च्या आत्मचरित्रात तेलाचे नाव उघड घेतले.

भारत : मनोहर जोशी अध्यक्ष असताना लोकसभेने ८ एप्रिल २००३ रोजी युद्धाचा निषेध करणारा आणि सैन्य मागे घेण्याची मागणी करणारा ठराव एकमताने संमत केला. दुसऱ्या दिवशी बगदाद पडले. पुढे अमेरिकेने भारतीय सैन्याची मागणी केली. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचे सांगून वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ रोजी नकार दिला. अस्त्रे असतील की नसतील या प्रश्नात न शिरता अधिकार कोणाचा, एवढ्याच प्रश्नावर घेतलेला हा निर्णय पुढच्या सर्व गौप्यस्फोटांनंतरही तसाच उभा राहिला.

चौकशा : अमेरिकेतील सिनेट समिती व रॉब-सिल्बरमन आयोग, तसेच ब्रिटनमधील बटलर समिती यांचा भर गुप्तचरांच्या चुकांवर होता. राज्यकर्त्यांची विधाने आणि उपलब्ध माहिती यांची तुलना सिनेट समितीने जून २००८ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा युद्धाला पाच वर्षे उलटली होती. नेदरलँड्सच्या डेव्हिड्स समितीने २०१० मध्ये युद्धाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता असे ठरवले. सर जॉन चिलकॉट यांचा ब्रिटिश अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला. शांततेचे पर्याय संपण्यापूर्वीच युद्ध सुरू झाले आणि अस्त्रांबद्दलची खात्री पुराव्याला धरून नव्हती, असे त्यात म्हटले आहे. ‘काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर आहे’ अशा आशयाचे ब्लेअर यांचे जुलै २००२ चे बुश यांना पत्रही त्यासोबत उघड झाले. २०११ अखेरपर्यंत सुमारे ४,५०० अमेरिकी सैनिक मरण पावले होते. ‘इराक बॉडी काउंट’ने नोंदवलेले इराकी नागरिकांचे हिंसक मृत्यू एक लाखाहून अधिक होते.

इराकच्या एका माजी लष्करप्रमुखाने ब्लेअर यांच्यावर खासगी खटला भरण्याची परवानगी मागितली. आक्रमणाचा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यात नाही, या आधारावर लंडनच्या उच्च न्यायालयाने ३१ जुलै २०१७ रोजी ती नाकारली. त्याच गुन्ह्यावरील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची अधिकारिता १७ जुलै २०१८ पासून लागू झाली. ती पूर्वलक्षी नाही, आणि अमेरिका त्या न्यायालयाची सदस्य नाही.